भट्टीच्या घरातलं कच्चं खाणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तोंडावरच्या पुटकुळ्यांना मराठीत तारुण्यपीटिका असं भारदस्त नाव आहे. ऐकायला बरं वाटतं. सुश्रुतसंहितेत त्यांना मुखदूषिका, म्हणजे तोंड बिघडवणाऱ्या, असं म्हटलं आहे आणि उपमा दिली आहे सावरीच्या काट्यांची. सावरीच्या खोडावरून ज्यानं एकदा हात फिरवला आहे त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते सांगायला नको. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथं शब्द मुहांसे. आणि शाळा-कॉलेजात शब्द मुरूम. रस्त्यावर टाकतात तोही मुरूमच. हा योगायोग आमच्या वर्गातल्या पोरांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. "याच्या तोंडावर मुरूम पडलाय, आता डांबर कधी?" असं एकानं विचारलं आणि पुढची दोन वर्षं माझं नाव पी.डब्ल्यू.डी. होतं.

हे आज सांगायचं कारण असं, की आमच्या नात्यागोत्यात माझ्याविषयी एक गोष्ट फिरत असते. बडे अब्बांनी म्हणे कॉलेजात असताना पाच महिने चूल वर्ज्य केली, नुसतं कच्चं खाल्लं आणि चेहरा आरशासारखा झाला. लग्नाकार्यात, ईदेच्या दुपारी, कुणा पोरापोरीच्या गालावर दोन पुटकुळ्या दिसल्या की ही गोष्ट निघते. सांगणाऱ्या आमच्या फुप्पू. त्यांची सांगण्याची ढब अशी, की ऐकणारा जागचा हलत नाही. पण त्या गोष्ट आरशापाशी थांबवतात. २०२४ साली माझ्या सतरा वर्षांच्या पुतणीनं ती गोष्ट मनावर घेतली, आणि मग मागचं-पुढचं सगळं सांगणं भाग पडलं. तिला सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

वडिलांची बेकरी होती. अजूनही आहे, धाकटा भाऊ चालवतो. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मागच्या अंगणात लाकडावरची भट्टी आणि भट्टीच्या भिंतीला लागून आमची झोपायची खोली. थंडीत त्या भिंतीला पाठ लावून झोपण्यासारखं सुख नाही. रात्री दहाला मैदा मळला जायचा, पहाटे तीनला भट्टी तापलेली असायची, चारला पावाच्या लाद्या बाहेर. मग उतरत्या आचेवर खारी, नानखटाई, शेवटी टोस्ट. चांगला माल दुकानात जायचा, तुटका माल घरात. तुटकी खारी, फुटलेली नानखटाई, कड जळालेला टोस्ट. आम्ही चार भावंडं या तुटक्या मालावर वाढलो. सोबत चहा, साखर सढळ हातानं. परीक्षेच्या दिवसांत मी दिवसाला सात-आठ कप घ्यायचो आणि प्रत्येक कपात काहीतरी बुडवायचो. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८९ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, मानेच्या मागे, पाठीवर, एकही जागा मोकळी नव्हती. काही नुसत्या काळ्या टोकांच्या, काही पिकलेल्या, आणि डाव्या गालावर आतल्या आत ठणकणाऱ्या गाठी. उपाय करून झाले होते. मुलतानी माती, उगाळलेलं जायफळ, हळद-चंदन, लिंबाची फोड, रात्री टूथपेस्टचा ठिपका, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी. प्रत्येक शेजारीण नवा उपाय द्यायची आणि तो केला नाही तर रागवायची. लिंबानं तर गालाची सालं निघाली.

तेव्हा मी कविता लिहायला लागलो होतो. कॉलेजच्या संमेलनात कविता म्हणताना कागद तोंडासमोर असा धरायचो, की समोरच्याला फक्त माझे डोळे दिसावेत. लोकांना वाटायचं नवकवी आहे, पाठांतर नाही. सगळ्या कविता मला पाठ होत्या. घरात बहिणीच्या स्थळाची माणसं यायची तेव्हा मला बेकरीत थांबायला सांगितलं जायचं, का ते कुणी बोलायचं नाही. आज हसू येतं. एकोणिसाव्या वर्षी अजिबात येत नव्हतं. ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे त्यांना मुद्दाम सांगतो, 'वयाचं आहे, जाईल' हे वाक्य खरं असलं तरी ऐकणाऱ्याच्या कामाचं नसतं.

आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, खाण्याचा आणि पुटकुळ्यांचा काही संबंध नाही, काहीही खा. तेव्हाच्या वैद्यकात तेच मान्य होतं. अमेरिकेत १९६९ साली ६५ जणांवर एक प्रयोग झाला होता. काही आठवडे त्यांना रोज चॉकलेटची वडी आणि काही आठवडे चॉकलेट नसलेली तशीच वडी खायला दिली आणि पुटकुळ्या मोजल्या. फरक पडला नाही. या एका प्रयोगाच्या जोरावर पुढची तीसेक वर्षं 'खाण्याचा संबंध नाही' हे धरून चालले. त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तितकीच होती, हा आक्षेप पुढे जोर धरत गेला. म्हणजे चहा आणि कॉफी दोन्हीत चार-चार चमचे साखर घालून पाहायचं आणि म्हणायचं, बघा, चहानं वजन वाढत नाही.

डॉक्टर 'काहीही खा' म्हणाले आणि गावातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, काहीच खाऊ नकोस. म्हणजे शिजवलेलं काहीच. मास्तर उरुळी कांचनला, गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमात काही दिवस राहून आले होते. पण त्यांचं स्वतःचं तत्त्वज्ञान त्याच्याही पुढचं होतं. विस्तव लागला की अन्न मेलं, मेलेलं अन्न खाल्लं की रक्त नासतं, नासलेलं रक्त चेहऱ्यावाटे बाहेर पडतं. तीन वाक्यांत सगळं शरीरशास्त्र. ज्याच्या घरात चोवीस तास विस्तव आहे अशा पोराला हे सांगितलं गेलं, आणि त्या पोराला ते पटलं, कारण त्यात निदान कारण तरी होतं.

हा विचार मास्तरांच्या घरचा नव्हे, त्याला मोठी परंपरा आहे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला बिर्शर-बेनर नावाच्या डॉक्टरांनी १९०४ साली आरोग्यधाम काढलं. वनस्पती सूर्याची शक्ती साठवतात आणि शिजवल्यानं ती कमी होते असं ते मानत. किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट आणि सुका मेवा घालून ते रोग्यांना जे देत ते आज म्यूसली या नावानं दुकानात मिळतं. पुढे अमेरिकेतल्या मंडळींनी त्याला आकडा जोडला, ११८ अंश फॅरनहाईट, म्हणजे साधारण ४८ अंश सेल्सियस. त्यापुढे तापवलं की अन्नातली विकरं, एन्झाइम्स, मरतात म्हणे. ती निकामी होतात हे खरं आहे. पण ती विकरं म्हणजे प्रथिनंच, आणि प्रथिनं आपल्या जठरातल्या आम्लात फुटतात. काकडीची विकरं काकडीच्या उपयोगाची. आपली पचनाची विकरं आपलं शरीर स्वतः तयार करतं.

आणि गांधीजी. प्रिटोरियात १८९३ साली, वय वर्षं २३, त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि थोड्याच दिवसांत सोडला. १९२९ साली साबरमतीला पुन्हा केला, या वेळी सहकाऱ्यांना घेऊन, आणि 'यंग इंडिया'त त्याबद्दल लिहिलं. पोट बिघडलं तेव्हा तोही थांबवला. मास्तरांनी मला प्रयोग सुरू केल्याचं सांगितलं होतं. थांबवल्याचं मला पुढे वाचनालयात कळलं. प्रयोगाचं असंच होतं, सुरुवातीला पाहुणे येतात आणि शेवटाला कुणी नसतं.

जानेवारीत सुरू केलं. कच्चं खाणाऱ्याला आपल्याकडे जानेवारीसारखा महिना नाही. हरभऱ्याचे डहाळे, ओला वाटाणा, गाजरं, बोरं, पेरू, मुळा, ऊस. सकाळी भिजवलेले शेंगदाणे आणि खजूर, दुपारी मोड आलेली मटकी, काकडी, टोमॅटो, ओलं खोबरं, संध्याकाळी केळी, पपई. दूध नाही, चहा नाही, भाकरी नाही, भात नाही, मीठ शक्यतो नाही. पहिला आठवडा डोकं दुखलं. मास्तर म्हणाले, विष बाहेर पडतंय. सात-आठ कप चहा एका दिवसात बंद करणाऱ्या कुणाचंही डोकं दुखतं, पण विष म्हटल्यावर दुखण्यालाही प्रतिष्ठा येते.

अम्मी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "क्या रे, बकरी हुआ क्या तू?" पण गाजरं किसून द्यायची तीच. आमच्याकडे दस्तरखान अंथरला की मोठ्या थाळ्यातून सगळे मिळून खातात. त्या थाळ्यात माझा हात नव्हता. मी एका कोपऱ्यात माझं ताट घेऊन बसायचो आणि मटकी चावायचो. कच्ची मटकी चावायला इतका वेळ लागतो, की सगळ्यांचं जेवून, दस्तरखान झटकून झाला तरी मी चावतच असायचो. अब्बांनी एकदाच विषय काढला. रात्री मैद्याचं पोतं उचलायला मी गेलो, उचलेना. ते म्हणाले, "माझ्या भट्टीनं तुझं तोंड जाळलं असं तुला वाटतं का?" मी नाही म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत, पोतं त्यांनीच उचललं.

आता चेहऱ्याचं सांगतो. पहिले तीन-चार आठवडे काही फरक नाही. मार्चच्या मध्याला नव्या पुटकुळ्या येणं कमी झालं. एप्रिलमध्ये कपाळ जवळजवळ मोकळं झालं, लाली उतरली. डाव्या गालावरच्या गाठी बसल्या, खड्डे राहिले. फुप्पू म्हणतात तो आरसा हाच. खोटं काही नाही.

पण त्याच एप्रिलमध्ये माझं वजन ५३ किलोवरून ४५वर आलं होतं. सांगलीच्या उन्हाळ्यात, जिथं डांबर वितळतं, तिथं मला रात्री चादर लागायची. पहाटे चारला पावाचा वास भिंतीतून आत यायचा आणि झोप मोडायची ती मोडायचीच. त्या पाच महिन्यांत मी जे लिहिलं ते पुढे काढून पाहिलं. प्रेमाच्या कवितेत भाकरी, निसर्गाच्या कवितेत भाकरी, आणि एक दीर्घकविता सबंध वांग्यावर. मेंदूला पुरेसं मिळालं नाही की तो दुसरा विषय सुचू देत नाही.

मृग लागला. नव्या पाण्याबरोबर पालेभाजी आली, ओढ्याच्या पाण्यावरची. कच्ची मेथी, कोबीचा पाला, धुवायला तेच पाणी. मला असा जुलाब लागला की तिसऱ्या दिवशी सलाइन लावावं लागलं. शिजवण्याचा शोध माणसानं जिभेसाठी तर लावलाच, पण त्या आचेवर जंतू आणि जंतांची अंडीही मरतात, हे पावसाळ्यात आपल्या देशात पालेभाजी खाणाऱ्याला सांगावं लागू नये. घरी आलो तेव्हा अम्मीनं मऊ भात केला होता, वर मीठ आणि तूप. मास्तरांना मी पुढे भेटलो, ते म्हणाले, अजून एक महिना हवा होता.

मग प्रश्न असा, की चेहरा साफ झाला तो कशानं?

त्यासाठी पुटकुळी होते कशी ते बघायला हवं. भट्टीच्या धुराड्यासारखं आहे. कातडीच्या प्रत्येक छिद्राखाली एक तैलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडू लागते, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, कोंडलेल्या तेलात नेहमीचेच जंतू वाढतात आणि आत आग होते. काळं टोक मळानं काळं नसतं, तो त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवा लागल्याचा परिणाम. त्यामुळे घासून ते जात नाही, आणि रक्ताच्या शुद्ध-अशुद्धतेचा यात कुठेही संबंध नाही. मुख्य म्हणजे बूच बसल्यापासून पुटकुळी दिसेपर्यंत काही आठवडे जातात. आज दिसते ती मागच्या महिन्यातली. म्हणून कुठल्याही उपायाचा गुण सहा-आठ आठवड्यांआधी कळत नाही.

खाण्याचं म्हणाल तर १९८९ नंतर बरंच काही कळलं आहे. पापुआ न्यू गिनीत किटावा नावाचं बेट आहे. तिथल्या १,२०० लोकांना तपासलं, त्यांत तीनशे जण पंधरा ते पंचवीस वयाचे होते. पॅराग्वेच्या जंगलातल्या आचे जमातीचे ११५ लोक तपासले. एकाच्याही चेहऱ्यावर पुटकुळी सापडली नाही. २००२ साली हा अभ्यास छापून आला. हे लोक साखर, मैदा, दूध जवळजवळ खात नव्हते. यात वंशाचा भाग किती, हा प्रश्न उरतोच. मग २००७ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ४३ तरुणांवर प्रयोग झाला, वय पंधरा ते पंचवीस. निम्म्यांना बारा आठवडे असं खाणं दिलं की ज्यानं रक्तातली साखर झपकन चढत नाही. त्यांच्या पुटकुळ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाल्या. साखर आणि मैदा खाल्ला की इन्सुलिन उसळतं, त्याच्या जोडीनं वाढीचं आणखी एक संप्रेरक वाढतं आणि ही दोघं तैलग्रंथीला चिथावतात, असा त्याचा अर्थ लावतात. दुधाबाबतही, विशेषतः साय काढलेल्या दुधाबाबत, असा संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, पण तो पुरावा कच्चा आहे.

आता माझा सात-आठ कप चहा आणि तुटका माल आठवा. जानेवारीत मी एका दिवसात काय काय सोडलं? साखर, मैदा, दूध. लिंबाची फोड आणि टूथपेस्टही सोडली, कारण मास्तरांना बाहेरून काही लावणं मंजूर नव्हतं. या सगळ्यांबरोबर सोडला विस्तव, आणि श्रेय मिळालं विस्तवाला. किटावाचे लोक रताळी, सुरणासारखे कंद, मासे खातात, आणि ते शिजवून खातात. आचे लोकही शिकार भाजून खातात. त्यांच्याकडे चूल आहे, बिस्किटाचा पुडा नाही. मेलबर्नच्या पोरांनीही शिजवलेलंच खाल्लं होतं. आणि त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांचं खाणं बदललं नव्हतं त्यांच्याही पुटकुळ्या काही प्रमाणात कमी झाल्याच. बारा आठवडे नुसते गेले तरी काही जणांचा चेहरा सुधारतो. मी विसाव्या वर्षात होतो. पाचातला किती वाटा साखरेचा, किती वयाचा, किती लिंबू न चोळण्याचा, हे आज कुणीही सांगू शकणार नाही.

अब्बा २००५ साली गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यात कुठेतरी आहे, आणि ते असं की भट्टीनं काही केलं नव्हतं, पोत्यातल्या मैद्यानं थोडंफार केलं असेल. हे त्यांना कितपत दिलासा देणारं वाटलं असतं कोण जाणे.

आता पुतणीचं. तिनं सुरू केलं ते २०२४च्या रमजानमध्ये, मार्चात. इफ्तारला फळं सगळेच खातात, सहरीला कुणी कुणाच्या ताटात बघत नाही, त्यामुळे महिनाभर घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. ईदेला तिनं शीरखुर्मा घेतला नाही तेव्हा भावाच्या बायकोनं विचारलं, आणि पोरगी म्हणाली, बडे अब्बांनी केलं होतं तेच करतेय. माझ्या वेळी एक मास्तर होते. तिच्या मोबाइलवर पन्नास मास्तर आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा चेहरा गुळगुळीत आहे. तिची माहितीही माझ्यापेक्षा पक्की होती, ते ४८ अंश तिनंच मला सुनावले.

मे महिन्यात ती माझ्या बायकोपाशी बोलली. दोन महिने पाळी आली नव्हती. आईला सांगायची भीती, म्हणून बडी अम्मीला सांगितलं. वजन ४८वरून ४१. हे घरात बोलायला संकोचतात आणि नभोवाणीवर तर जास्तच, पण मी बोलणार आहे. जर्मनीत गीसनच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं कच्चं खाणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी केली, १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४५ वर्षांखालच्या सुमारे तीस टक्के स्त्रियांची पाळी अंशतः किंवा पूर्ण थांबली होती. पोट भरल्यासारखं वाटतं पण अंगाला पुरत नाही. मोठ्या माणसांचं हे, तर सतराव्या वर्षी, हाडं भरायच्या वयात काय होत असेल? आणि दुसरी बाजूही आहे. मुलीला पुटकुळ्या जास्त आहेत आणि पाळी आधीपासूनच अनियमित आहे, अंगावर लव वाढते आहे, तर कारण बीजाशयाच्या विकारात असू शकतं. अशा वेळी काकडी कापत बसण्यात महिने गेले तर तपासणी तेवढी लांबते. हिच्या बाबतीत तसं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून सांगितलं, जेव, बाकी आपोआप येईल. ऑगस्टमध्ये पाळी सुरू झाली.

मधल्या काळात तिला ओळखीच्या औषध दुकानातून एक मलम मिळालं होतं, गोरं करणारं आणि डाग घालवणारं. आठ दिवसांत चेहरा उजळला म्हणून ती खूश. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि कचऱ्यात टाकली. त्यात स्टिरॉइड होतं. अशा मलमांनी आधी चेहरा छान दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते आणि पुटकुळ्या जास्त जोरानं येतात. केंद्र सरकारनं २०१८ साली अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठी किती दुकानांत मागतात ते तुम्ही जाणताच. कच्च्या खाण्यावर मी एवढं बोललो, पण आपल्याकडे चेहऱ्यांचं खरं नुकसान या ट्यूबांनी जास्त केलं असेल, असं मला वाटतं.

डॉक्टरांनी तिला दिलं ते अगदी साधं. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल, रात्री अ‍ॅडापलिन, मटारच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ, नुसतं पुटकुळीवर नाही. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडेल, सालं निघतील, घाबरायचं नाही. चेहरा दिवसातून दोनदा धुवायचा, घासायचा नाही. फोडायचं नाही. बारा आठवड्यांनी बघू. खाण्याबद्दल तिनंच विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, साखरेचा चहा, थंड पेयं, बेकरीचा माल कमी कर, बघ फरक पडतो का. भाकरी, भाजी, डाळ, अंडं, मासे पोटभर खा. गाजर कच्चं खाल्लं तरी चालेल, पण त्यातलं जे कातडीला लागतं ते शिजवून, थोड्या तेलातुपाबरोबर जास्त अंगी लागतं. टोमॅटोचंही तसंच. हे ऐकून तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सबंध १९८९ साल फुकट घालवलं.

डॉक्टरांना मी माझे डाव्या गालावरचे खड्डे दाखवले. म्हणाल्या, हे खाण्यानंही भरत नाहीत आणि मलमानंही. पिकलेल्या गाठी होत्या तेव्हाच उपचार झाले असते तर एवढे पडले नसते. खोल गाठी असतील, व्रण पडायला लागले असतील तर बारा आठवडे घरगुती प्रयोगांत घालवू नयेत, हे त्यांनी मुलीच्या आईला दोनदा सांगितलं. जास्त जोराच्या गोळ्याही असतात, पण त्या गरोदरपणात बाळाला घातक, रक्त तपासून, देखरेखीखालीच घ्यायच्या.

पुतणीचा चेहरा आता निम्म्याहून जास्त साफ आहे. हनुवटीवर अजून येतात. दर महिन्याला ती आरशासमोर उभी राहून मोजते आणि वहीत आकडा लिहिते, मेलबर्नवाल्यांसारखा. मागच्या ईदेला भावानं तिच्यासाठी गव्हाच्या पिठाची, कमी साखरेची नानखटाई करून पाहिली. पहिली खेप दगड झाली, दुसरी बरी होती. दुकानात ठेवावी का असं तो विचारत होता. फुप्पूंना एक दिली. त्यांनी चहात बुडवून खाल्ली, म्हणाल्या, कच्ची राहिली आहे.